आंबील पिऊन जावा

भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे मला लातूरमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेदहा वाजता कळलं. तोवर मी मित्राच्या आईला "तेल तापत ठेवा, कांदा मी चिरतो" असं दोनदा सांगून बसलो होतो. काकूंनी माझ्यापुढे तुरीच्या ओल्या शेंगांची रास लोटली. "कांदा ऱ्हाऊ द्या. ह्या सोला."

तुरीची ओली शेंग दिसायला साधी, पण तिच्या अंगावर बारीक चिकट लव असते. पहिल्या पन्नास शेंगा गमतीत जातात. मग अंगठ्याचं नख काळवंडतं, बोटं एकमेकांना चिकटतात आणि दाणे टोपल्यात पडायचे सोडून मनगटावर बसतात. माझं एक टोपलं होईतो वहिनींनी वाल, वाटाणा आणि हरभऱ्याचे घाटे असे तीन ढीग संपवले होते. शेजारच्या मावशी मेथी निवडता निवडता कोणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होत्या. ती मला धड कळली नाही, पण सगळ्या हसल्या तिथे मीही हसलो. मग बोरं आली, गाजरं आली, चुका आला, चाकवत आला, भुईमुगाचे दाणे आणि चिंचेचा कोळ आला. हे सारं शिजवून, हरभऱ्याच्या पिठात घोटून, वर लसूण-मिरचीची सणसणीत फोडणी द्यायची. ही भज्जी. तिच्यात जिन्नस किती, यावर लातुरात वाद घालता येतो. कोणी सोळा म्हणतं, कोणी अठरा. काकू म्हणाल्या, "रानात जे हाय ते."

तारीख होती 29 डिसेंबर 2024. दुसऱ्या दिवशी सोमवारी मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस. कॅलेंडरात ती 'वेळा अमावस्या' म्हणून छापलेली असते आणि परगावचा माणूस ही कुठली वेळ, म्हणून बुचकळ्यात पडतो. या नावाचा वेळेशी संबंध नसावा. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि उत्तर कर्नाटकात याच अमावस्येला एळ्ळ अमावस्या म्हणतात. तिथले लोकही त्या दिवशी गाडी जुंपून शेतात जेवायला जातात. एळ्ळचं येळ झालं असावं आणि लिहिता-वाचता येणाऱ्यांनी ते 'शुद्ध' करून वेळ केलं असावं. नाव कानडी असण्यात नवल नाही. 1948 पर्यंत लातूर-बिदरचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. सीमा नंतर आखली गेली, अमावस्या आधीपासून होती. सण होतो तो लातूर, धाराशिव आणि सोलापूर-नांदेडच्या काही भागांत. पुण्याच्या पुढे त्याचं नावही फारसं कोणाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं, पुण्यातल्या वसतिगृहातला माझा हा मित्र दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस गायब व्हायचा आणि परत आल्यावर त्याच्या डब्याला आंबूस वास यायचा, एवढंच माहीत होतं.

खेड्यातला आनंद विकत घेण्याचा प्रयत्न मी याआधी एकदा केला होता. हुरडा पार्टी नावाच्या त्या प्रकारात मनगटाला कागदी पट्टा बांधतात, बैलगाडीची एक फेरी मिळते आणि भोंग्यावर लावणी लागते. हुरडा बरा होता. पण दुपारी दोनला 'पुढची बॅच' आली आणि आम्हाला खाटेवरून उठवलं. त्यामुळे मित्र जेव्हा म्हणाला, "येळवशीला ये, फक्त जेवायचं आणि पडून राहायचं," तेव्हा मी आधी पैसे किती ते विचारलं. तो बराच वेळ हसला.

रात्री एकच्या सुमाराला आंबील झाली. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून पातळ शिजवायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. ती भरायची मातीच्या नव्या बिंदग्यात. बिंदगं म्हणजे गळ्याशी निमुळता, पोटाला गोल असा घडा. त्याला बाहेरून चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले. आंबील रात्रभर त्या मातीत मुरते आणि सकाळी तिला एक वास येतो, पहिल्या पावसाचा अर्धा आणि ताकाचा अर्धा. काकू आणि वहिनी झोपल्या की नाही मला ठाऊक नाही. मी तीनला डोळे मिटले तेव्हा बाजरीचे उंडे उकडत होते आणि पाचला उघडले तेव्हा तिळाच्या पोळ्या चालल्या होत्या.

सकाळी आठला आम्ही निघालो. गंजगोलाई ही लातूरची बाजारपेठ 1917 सालची, मधल्या गोल इमारतीला सोळा रस्ते येऊन मिळतात. आदल्या दिवशी त्या सोळा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. हातगाड्यांवर वालाच्या शेंगा, बोरांचे ढीग, बिंदग्यांच्या उतरंडी. आज शटर खाली. चहाची टपरीसुद्धा बंद. एक कुत्रं चौकाच्या मधोमध ताणून झोपलं होतं आणि त्याला उठवायला कोणी नव्हतं. जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, पण सुट्टीच्या दिवशीही शहर असं ओस पडत नाही. सगळी माणसं गेली कुठे, याचं उत्तर औशाच्या रस्त्याला लागल्यावर मिळालं. टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकली, एखादी बैलगाडी, प्रत्येकात माणसं, टोपली आणि मांडीवर जपून धरलेलं बिंदगं. एका मोटारसायकलवर चौघं होते आणि बिंदगं पाचवं. (ज्यांना हा सण पाहायला यायचं असेल त्यांच्यासाठी: त्या दिवशी लातुरात जेवण विकत मिळेल या भरवशावर राहू नका. कोणाच्या तरी शेताचा पत्ता खिशात असू द्या. नसला तरी चालतं, ते पुढे सांगतो.)

औसा मागे पडलं, लामजना आलं, आणि किल्लारीच्या अलीकडे आम्ही डांबरी सोडून काळ्या रानात उतरलो. इथून आप्पांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, खांद्यावर घोंगडी घेतली, डोक्यावर बिंदगं ठेवलं आणि पायातल्या चपला काढल्या. वय सत्तरीच्या पलीकडे. बांध चढताना मी हात पुढे केला. त्यांनी बघितलंही नाही.

गाव डावीकडे दिसत होतं. आखून काढल्यासारखे सरळ रस्ते, एकसारखी घरं, वर पत्रे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना इथली जमीन हलली. आदली रात्र गणपती विसर्जनाची, दमून झोपलेली माणसं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. मग गावंच्या गावं नव्या जागी वसवली. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या आहेत, एखाद्या वाड्याचा चौथरा दिसतो. आप्पांचं घर हललं, शेजार बदलला, विहीर बदलली. जमीन मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि खोप बांधायचा लिंबही. लिंब म्हणजे आपला कडुनिंब. त्याच्या बुंध्याला हात लावून आप्पा म्हणाले, "घर दोनदा बांधलं. लिंब त्योच हाय." आणि लगेच कडब्याच्या पेंढ्यांकडे वळले.

खोप कडब्याची. ज्वारीची ताटं उभी करायची, वर शेंडे एकत्र बांधायचे, की माणूस वाकून आत जाईल एवढा आडोसा होतो. त्यावर नवं लुगडं किंवा शाल. आत चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं मांडायचे. हे पाच पांडव, ही द्रौपदी. वनवासातले पांडव इथल्या रानात कसे आले, अशी शंका काढण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्या डोंगरांवर त्यांनी एका रात्रीत लेणी खोदलेली आहेत, मग एका अमावस्येला आप्पांच्या चार एकरांत जेवायला यायला त्यांचं काय जातं?

अडचण निघाली ती कडब्याची. सगळी ताटं मिळून दोन पेंढ्या. आप्पांच्या शेतात आता हरभरा आहे, त्याआधी सोयाबीन होतं. ज्वारी फक्त दहा तास, म्हणजे दहा ओळी, घरच्या भाकरीपुरती. सगळीकडे तेच चित्र आहे. लातूरची बाजारसमिती सोयाबीन आणि तुरीनं भरून वाहते, कारण त्याचे पैसे हातात येतात. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि दावणीला जनावरं नसतील तर कडबा हवाय कोणाला? या हिशेबात चूक काढता येत नाही. फक्त सोयाबीनच्या भुसाची खोप होत नाही. शेवटी मित्र शेजारच्या शेतातून तीन पेंढ्या उसन्या घेऊन आला. "पुढल्या साली देतो," असं त्यानं बांधावरून ओरडून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मागल्या सालच्या दे आधी!"

पूजा झटपट उरकली. मग आप्पा आंबील आणि नैवेद्य घेऊन चर शिंपायला निघाले. पुढे ते हातानं हरभऱ्यावर, ज्वारीच्या तासांवर, बांधाच्या करडईवर शिंतोडे उडवत चाललेले आणि मागे मित्राचा मुलगा घसा फाडून ओरडतोय. ते शब्द मराठी नाहीत. कानडी वळणाचे आहेत, पण आता कानडी माणसालाही पुरते उलगडतील असं वाटत नाही, इतके पिढ्यापिढ्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेत. अर्थ विचारला तर आप्पा म्हणाले, "माझा आज्जा म्हणायचा तेच म्हणायचं." तोवर आजूबाजूच्या शेतांतूनही तीच आरोळी उठायला लागली होती, कुठे बारीक, कुठे दमदार, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळत होता.

करडईला हात लावू नका, ही सूचना मला उशिरा मिळाली. बांधाला करडई पेरतात ती गुरं आत येऊ नयेत म्हणून, हे तिच्या काट्यांनी माझ्या पोटरीला आधीच समजावून सांगितलं होतं.

जेवण. पत्रावळीवर भज्जी, उंडे, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी आणि पेल्यात आंबील. उंडा हातानं कुस्करून त्यावर भज्जी ओतायची. पहिल्या घासाला चिंचेचा आंबटपणा येतो, मग मेथीचा कडू, मग मधेच दाताखाली आख्खं बोर आणि त्याची बी. चव नेमकी कशासारखी, ते मला सांगता येत नाही. वरणासारखी म्हणावी तर तिच्यात शंभर भांडणं आहेत. मी दोनदा घेतली आणि आता आडवं व्हावं म्हणून लिंबाखाली सरकलो, तोच बांधावरून हाक आली.

"ओ पाव्हणं, आंबील पिऊन जावा!"

मी हात हलवून पोट दाखवलं. त्या गृहस्थांनी दुप्पट जोरात हात हलवला. मित्र म्हणाला, "जा. नाही म्हणायचं नसतं." गेलो. त्यांच्या खोपीत पंधरा माणसं, त्यातली चार त्यांनाही ओळखीची नव्हती. रस्त्यानं जाताना दिसली म्हणून बोलावलेली. शेताचा पत्ता खिशात नसला तरी चालतं म्हटलं ते यामुळे. येळवशीला या भागात कुठल्याही बांधावर उभे राहा, कोणी ना कोणी हाक मारतंच. आडनाव कोणी विचारत नाही, गाव विचारतात. मी तिथून निघालो तो तिसऱ्या खोपीत अडकलो, तिथून चौथ्या. तिसऱ्या खोपीतली भज्जी सगळ्यांत सरस होती. चुका सढळ घातलेला आणि फोडणीत लसूण थोडा करपू दिलेला. हे मी काकूंना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

चौथ्या खोपीत एक जोडपं मालकाच्या शेजारी बसून जेवत होतं. बाई उठून वाढायलाही लागली, तेव्हा मला ते घरचेच वाटले. नंतर कळलं, तो सालगडी. वर्षभर त्या शेतात राबतो, पाणी देतो, जागल करतो. आज मानानं पहिल्या पंगतीत, त्याच्या मुलीला नवा फ्रॉक. मालक मनापासून वाढत होते, त्यात खोट नव्हती. पण ज्याला जमीन नाही त्याला खोप नाही, आणि खोप नाही त्याला 'आंबील पिऊन जावा' अशी हाक दुसऱ्याला मारता येत नाही, हेही त्या पंगतीत बसूनच दिसत होतं.

परत आलो तर लिंबाखाली सगळे पांगले होते. मुलं बोरीच्या झाडाला दगड मारत होती. आणि घोंगडीवर काकू झोपल्या होत्या. एक हात डोळ्यांवर, पाय उन्हात, पदराचं भान नाही, तोंड किंचित उघडं. काल दिवसभर आणि रात्रभर त्या उभ्या होत्या. सबंध सण काकूंच्या आणि त्यांच्यासारख्या हजार बायकांच्या जागरणावर चालतो, हे पुरुष मंडळी ढेकर देताना सहसा बोलत नाहीत. आता त्यांना उठवणारं इथे काही नव्हतं. कुकरची शिट्टी नाही, दाराची बेल नाही, नळाला पाणी यायची वेळ नाही. शेजारच्या खोपीतून कोणी पाणी मागायला आलं तेव्हा आप्पा स्वतः उठले, ओठांवर बोट ठेवलं आणि घागर कलती करून दिली. लिंबाची सावली सरकत काकूंच्या गुडघ्यापर्यंत आली. चार वाजता त्या जाग्या झाल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "लई झोप लागली बाई." मग पुन्हा पाच मिनिटं पडून राहिल्या.

संध्याकाळी गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध तापवलं आणि उतू जाऊ दिलं. ज्या बाजूला उतू जातं त्या बाजूचं पीक पुढच्या साली चांगलं, असं मानतात. दूध सगळीकडून सारखंच सांडलं. आप्पांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "उगवतीला जरा जास्त हाय." उगवतीला त्यांचाच हरभरा होता.

अंधार पडला तशी एकेक कुटुंब गावाकडे निघालं आणि हेंडगे पेटले. हेंडगा म्हणजे कडब्याचा पेटता पलिता. तो घेऊन खोपीभोवती फिरायचं आणि मग पळत सुटायचं. अमावस्या, त्यामुळे चंद्र नाही, आणि शेतातल्या विजेचा नेहमीप्रमाणे पत्ता नाही. त्या काळ्या पटावर लांब लांब पन्नासेक ठिणग्या पळताहेत, मधेच एखादी विझतेय, पुन्हा पेटतेय.

बाकीचे शहरात परतले. आप्पा जागलीला राहिले, रानडुकरं हरभऱ्यात घुसतात म्हणून, मीही राहिलो. झोपण्याआधी त्यांनी एक धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्याच्या वाफ्यावर अलगद पसरलं. का, ते सांगितलं नाही. आम्ही कडब्यावर पडलो. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या खाली रोहिणीजवळ गुरू ठळक, आणि मृगातल्या तीन ताऱ्यांना आप्पा तिकांडं म्हणतात. घड्याळ नव्हतं तेव्हा पाणी द्यायची पाळी तिकांड्यावरून ठरायची, असं ते म्हणाले आणि पुढचं वाक्य अर्ध्यात टाकून घोरायला लागले. डुकरं आली असती तर मलाच काय ते बघावं लागलं असतं.

पहाटे थंडीनं दात वाजत होते. आप्पांनी ते धोतर उचललं. दंवानं चिंब झालेलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, असं आम्ही पितळी लोटीवर पिळलं. जेमतेम लोटीचा तळ झाकला. ही हरभऱ्याची आंब. हरभऱ्याच्या पानांवरची लव आम्ल स्रवते, रात्रीच्या दंवात ते उतरतं आणि कापडात शिरतं. पोटदुखीवर, अजीर्णावर जुन्या घरांत ही आंब बाटलीत भरून वर्षभर ठेवतात. आप्पांनी तळहातावर चार थेंब दिले. जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांत पाणी आलं आणि कालच्या चार खोपींचं जेवण एकदम जागेवर बसल्यासारखं वाटलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघून खुदकन हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवशी खरोशाची लेणी पाहिली, सहाव्या शतकातली आहेत, पाहण्यासारखी आहेत. पण माझं लक्ष नव्हतं.

रात्री लातूरहून मुंबईची गाडी पकडली. 31 डिसेंबर. काकूंनी स्टीलच्या डब्यात भज्जी आणि सहा उंडे बांधून दिले होते. शिळी भज्जी जास्त चांगली लागते म्हणाल्या. गाडीत भूक आवरेना म्हणून मी झाकण उघडलं, वास सुटला आणि मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या बर्थवरचा पोरगा, कानात इयरफोन, पाठीला लॅपटॉपची बॅग, माझ्या डब्याकडे बघत होता. त्यानं बॅगेतून आपला डबा काढला. तोच वास. वरच्या बर्थवरच्या आजी खाली वाकून म्हणाल्या, "तुमच्यात बोरं घालतेत का?" त्यांचाही डबा निघाला. बाजूच्या रांगेतून चौथा. मग वाट्या, झाकणं, उंडे इकडून तिकडे फिरले. कोणीतरी पाण्याच्या बाटलीत आंबील आणली होती, ती झाकणा-झाकणानं वाटली गेली. बार्शी यायच्या आत कुणाच्या तरी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज झाला, दोन-तीन जण 'हॅपी न्यू इयर' म्हणाले. आजी बाटली पुढे करत म्हणाल्या, "हे ऱ्हायलंय थोडं. घ्या, संपवा."